‘फुलपाखरू’ आणि ‘बटरफ्लाय’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भाषांतराचं काम करते. ‘बटरफ्लाय’ला मराठीत काय म्हणायचं, हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. कधी पोहण्याच्या संदर्भात, कधी नळाच्या कामात, कधी दवाखान्याच्या पत्रकात. दर वेळी उत्तर वेगळं असतं, म्हणून नेहमीचे प्रश्न इथे एकत्र लिहिले आहेत.

‘फुलपाखरू’ हा शब्द बनला कसा?

फूल आणि पाखरू. फुलांवरचं पाखरू, किंवा फुलासारखं पाखरू. दोन्ही अर्थ लागतात आणि दोन्ही सुंदर आहेत.

मला यातलं ‘पाखरू’ जास्त मोलाचं वाटतं. वासरू, कोकरू, शिंगरू, करडू, लेकरू हे शब्द शेजारी ठेवून पाहा. सगळे नपुंसकलिंगी, सगळे लहानग्या जिवांचे, आणि सगळ्यांचा शेवट ‘ऊ’ने. ‘वासरू’चं मूळ संस्कृतातल्या ‘वत्सरूप’ या शब्दात सांगतात. म्हणजे ‘रू’मध्ये ‘रूप’ दडलेलं आहे. मराठी कानाला हा शेवट मायेचा वाटतो. म्हणून कोषातून बाहेर पडलेला, अंडी घालायला निघालेला पूर्ण वाढलेला कीटकसुद्धा आपल्या भाषेत कायम लेकरूच राहतो. त्याला आपण ‘तो’ही म्हणत नाही आणि ‘ती’ही म्हणत नाही, ‘ते’ म्हणतो. लहान मुलीला लाडाने ‘माझं फुलपाखरू’ म्हटलं की कानाला खटकत नाही, त्याचं कारण हेच. ते नातं शब्दाच्या घडणीतच आहे.

लिहायचं कसं? ‘फुलपाखरु’ की ‘फुलपाखरू’? आणि ‘फूलपाखरू’ का नाही?

बरोबर रूप ‘फुलपाखरू’. ‘फु’ ऱ्हस्व, ‘रू’ दीर्घ.

मराठी शब्दाच्या शेवटी येणारा उकार दीर्घ असतो, म्हणून ‘रू’. ‘फूल’ एकटं असताना त्यातला ऊकार उपान्त्य असतो, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरात, म्हणून तो दीर्घ. पुढे ‘पाखरू’ जोडलं की तो उपान्त्य राहत नाही, मग ऱ्हस्व होतो. ‘फुलाला’, ‘फुलदाणी’ यांतही तेच घडतं.

‘फुलपाखरूला’ म्हटलं तर चुकतं का?

हो. ‘फुलपाखराला’, ‘फुलपाखराचे’, ‘फुलपाखरांवर’ असं हवं. अनेकवचन ‘फुलपाखरे’, बोलताना ‘फुलपाखरं’. आपण ‘लेकरूला’ म्हणत नाही, ‘लेकराला’ म्हणतो, तसंच हे. अलीकडे मुलांच्या पुस्तकांतही ‘फुलपाखरूचे पंख’ असं छापलेलं दिसतं तेव्हा वाईट वाटतं, कारण मूल ते रूप तिथूनच उचलतं.

शेजारच्या भाषा काय म्हणतात?

कोंकणीत ‘पिसोळें’. हिंदीत ‘तितली’, गुजरातीत ‘पतंगियुं’, कन्नडमध्ये ‘चिट्टे’. तेलुगूत ‘सीताकोकचिलुका’, यातला ‘चिलुका’ म्हणजे पोपट. म्हणजे तेलुगू माणसालाही त्यात पाखरूच दिसलं.

बंगालीतला शब्द मात्र थांबून पाहण्यासारखा आहे : ‘प्रजापति’. ब्रह्मदेवाचं, विवाहाच्या देवतेचं नाव आणि फुलपाखराचं नाव एकच. म्हणून बंगाली लग्नपत्रिकेवर फुलपाखराचं चित्र असतं, आणि कुणाच्या अंगावर फुलपाखरू बसलं की आता याचं लग्न ठरणार असं म्हणतात. आपल्या पत्रिकेवर गणपती असतो, तसं तिथे ते. कोलकात्याहून आलेल्या पत्रिकेवर फुलपाखरू दिसलं तर ती नुसती नक्षी समजू नका.

‘बटरफ्लाय’मध्ये लोणी कुठून आलं?

जुन्या इंग्रजीतही हा शब्द लोणी आणि माशी असाच जोडलेला होता. एक स्पष्टीकरण पिवळ्या रंगाचं, दुसरं समजुतीचं : हे कीटक दूध-लोणी चोरतात असं युरोपात मानत. दुसऱ्याला जर्मन भाषेचा आधार आहे. तिथला शब्द ‘श्मेटरलिंग’, आणि त्यातलं ‘श्मेटन’ म्हणजे साय.

ग्रीकांनी फुलपाखराला आणि आत्म्याला एकच शब्द दिला, ‘प्सूखी’. मनाच्या शास्त्राचं इंग्रजी नाव त्याच शब्दावरून आलं. फ्रेंच ‘पापियों’वरून कुत्र्याच्या एका जातीला ते नाव मिळालं, कारण तिचे कान पसरलेल्या पंखांसारखे असतात. इटालियनमध्ये ‘फारफाल्ला’, बाजारात मिळणारा चिमटा काढलेल्या आकाराचा पास्ता, ‘फारफाल्ले’, म्हणजे फुलपाखरंच.

‘पतंग’ आणि ‘फुलपाखरू’ एकच का?

नाही. पतंग म्हणजे रात्री दिव्यावर झेपावणारा. (संक्रांतीला उडवतो तो पतंग हा त्याचाच नामबंधू.) ओळखायची सगळ्यात सोपी खूण डोक्यावरच्या मिशांमध्ये आहे. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला काडेपेटीतल्या काडीसारखी गाठ असते. पतंगाच्या मिशा बहुधा पिसासारख्या किंवा नुसत्या दोऱ्यासारख्या. बसताना फुलपाखरं अनेकदा पंख पाठीवर मिटून उभे धरतात, पतंग ते छपरासारखे पसरून ठेवतात. याला अपवाद बरेच आहेत, म्हणून मिशा पाहणं बरं.

जुन्या भारतीय कवितेत दिव्यावर जळून जाणारा पतंग आहे, कमळात अडकलेला भुंगा आहे. फुलपाखराला तिथे फारशी जागा मिळालेली नाही. म्हणूनच ‘या फुलावरून त्या फुलावर’ जाणाऱ्या पुरुषाला आपल्याकडे आधी ‘भ्रमर’ म्हणत. ‘फुलपाखरी वृत्ती’ नंतरची.

‘सुरवंटाचं फुलपाखरू होतं’ हे बरोबर आहे का?

भाषणांत हे वाक्य फार येतं. मला ते दुरुस्त करावंसं वाटतं, कारण आपल्या भाषेत दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यांतला फरक पुसला जातो आहे.

सुरवंट म्हणजे केसाळ अळी. अंगाला लागली की खाज सुटते, पुरळ उठतो, शेवग्याच्या झाडावर ढिगाने दिसते. अशा बहुतेक केसाळ सुरवंटांचे पुढे पतंग होतात. फुलपाखराची पिल्लावस्था म्हणजे ‘अळी’ : लिंबावरची, कढीपत्त्यावरची, रुईवरची. काही अळ्यांना काटे असतात, पण खाजवणारे केस सहसा नसतात. तेव्हा ‘अळीचं फुलपाखरू झालं’ म्हणावं. वाक्य तेवढंच छान राहतं आणि खरंही होतं.

‘कोष’ शब्दाचंही तसंच आहे. रेशमाचा किडा स्वतःभोवती धागा गुंडाळतो, तो कोसला. फुलपाखरू धाग्याचं घर बांधत नाही. अळी शेवटची कात टाकते आणि आतून जे टणक आवरण उघडं पडतं, तोच त्याचा कोष. कढीपत्त्याच्या फांदीला तो बारीक धाग्याने टेकवलेला असतो, आणि रंग असा की हात लावेपर्यंत पान वाटतो.

महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू कोणतं, आणि त्याला मराठी नाव आहे का?

ब्ल्यू मॉरमॉन. २०१५ मध्ये ते जाहीर झालं आणि राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. नंतर इतरही राज्यं पुढे आली. केरळचं ‘बुद्धमयूरी’ हे त्यांतलं सर्वांत गोड नाव.

ब्ल्यू मॉरमॉन काळ्या मखमली पंखांचं, त्यावर निळ्या रंगाचे पट्टे, आणि तळहातापेक्षा मोठं. सह्याद्रीत ते आहेच, पण मुंबई-पुण्याच्या बागांतही दिसतं, कारण त्याच्या अळ्या लिंबूवर्गीय झाडांवर वाढतात. मराठीत त्याला ‘नीलवंत’ म्हणतात, काही जण ‘राणी पाकोळी’ही म्हणतात. मला ‘नीलवंत’ आवडतं. एकदा ऐकलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

इंग्रजी नाव मात्र आपल्याकडे कुणाला उलगडत नाही. त्याच्या जवळच्या एका जातीच्या माद्या तीन वेगवेगळ्या रूपांच्या असतात. दोन रूपं विषारी फुलपाखरांची हुबेहूब नक्कल करतात, म्हणजे पक्षी वाटेला जात नाहीत. एका नराभोवती अनेक तऱ्हेच्या माद्या दिसल्या म्हणून इंग्रज निरीक्षकांना बहुपत्नीत्वाबद्दल प्रसिद्ध असलेला अमेरिकेतला मॉरमॉन पंथ आठवला. सह्याद्रीतल्या जिवाला असं नाव चिकटलेलं पाहिलं की मराठी नावांची गरज पटते.

ही नावं पाडण्याचं काम राज्याच्या जैवविविधता मंडळाने केलं आहे, आणि त्याआधीपासून निसर्गप्रेमींनीही. ‘हळदीकुंकू’ हे नाव ऐकलंय? पंखांच्या खालच्या बाजूला पिवळा रंग आणि कडेला लाल ठिपके असलेलं फुलपाखरू. ज्याने पहिल्यांदा त्याला हे नाव दिलं त्याने आपल्या अंगणात उभं राहून दिलं.

‘पोटात फुलपाखरं उडणं’ मराठीत चालेल का?

हा प्रश्न सर्वाधिक येतो, बहुधा तरुण लेखकांकडून. तो प्रयोग इंग्रजीतून आला आहे आणि जाहिरातींत, मालिकांत रुळूही लागला आहे. मी कुणाच्या लेखनातून तो खोडणार नाही. पण तो लिहिण्याआधी आपल्या पेटीत काय आहे ते बघावं, असं मनापासून वाटतं.

निकालाच्या आदल्या रात्री होते ती ‘धाकधूक’. अचानक भीती वाटली की ‘पोटात गोळा येतो’. आवडतं माणूस दारात दिसलं की ‘काळजाचा ठोका चुकतो’. कुणाच्या वाटेकडे डोळे लावून बसलं की ‘जीव खालीवर होतो’. दूर गेलेल्याची ‘हुरहुर’ लागते. इंग्रजीतली फुलपाखरं यांतल्या तीन-चार गोष्टी एकाच पोटात कोंबतात. मराठीने त्या वेगळ्या ओळखल्या आहेत. पहिल्या भेटीच्या वर्णनात फुलपाखरं आणली तर नेमकी कुठली भावना आहे, हे वाचकाला कळत नाही. ‘धाकधूक’ लिहिलं तर कळतं.

आणि ‘सोशल बटरफ्लाय’?

‘सामाजिक फुलपाखरू’ कृपया नको. चारचौघांत रमणारा, सगळीकडे ओळखी असणारा, असं साधं सांगता येतं. ‘माणूसवेल्हाळ’ हा शब्द बरेच जण सुचवतात. शब्द अतिशय देखणा आहे, पण अर्थ थोडा खोल जातो. माणूसवेल्हाळ माणसाला माणसांची ओढ असते, तो तुमच्याकडे येऊन तासभर बसतो. सोशल बटरफ्लाय दोन मिनिटं बोलून पुढच्या टेबलाकडे जातो. दोघांना एक शब्द देणं पहिल्यावर अन्याय होईल.

‘बटरफ्लाय इफेक्ट’ म्हणजे नेमकं काय?

‘फुलपाखराने पंख हलवले की दूर कुठेतरी वादळ होतं’ असं सांगितलं जातं. मूळ गोष्ट वेगळी आहे आणि त्यापेक्षा जास्त विलक्षण आहे.

एडवर्ड लॉरेन्झ हे अमेरिकेतले हवामानशास्त्रज्ञ. १९६१ मध्ये ते संगणकावर हवामानाचं एक सोपं गणिती प्रारूप चालवत होते. एक गणित पुन्हा पाहायचं होतं म्हणून त्यांनी मधूनच सुरुवात केली, आणि आधीच्या कागदावर छापलेला आकडा भरला : ०.५०६. संगणकाच्या आत मात्र तो ०.५०६१२७ होता, कागदावर तीनच स्थळं छापली जात. ते कॉफी प्यायला गेले. परत येऊन पाहतात तो नवा आलेख आधी जुन्याच्या बोटाला बोट लावून चालला होता आणि मग सुटून भलतीकडेच गेला होता. दशांशाच्या चौथ्या स्थळातल्या फरकाने काही महिन्यांपुढचं हवामान ओळखू न येण्याइतकं बदललं होतं.

यावर त्यांचा निबंध १९६३ मध्ये आला. दाखला सुरुवातीला समुद्रपक्ष्याचा होता. १९७२ च्या एका व्याख्यानाच्या शीर्षकात ब्राझीलमधलं फुलपाखरू आणि टेक्सासमधलं टोर्नेडो वादळ आलं, आणि फुलपाखरू कायमचं राहिलं. योगायोग असा, की त्यांच्या समीकरणांतून निघणारी आकृतीही पसरलेल्या दोन पंखांसारखी दिसते.

मुद्दा फुलपाखराच्या ताकदीचा नाही, आपल्या मोजमापाच्या मर्यादेचा आहे. आजचं हवामान आपण कधीच अचूक मोजू शकत नाही, आणि ती बारीक चूक दिवसागणिक वाढत जाते. म्हणूनच आज हवामानखाती एकच गणित न करता सुरुवातीचे आकडे किंचित बदलून अनेक गणितं करतात, आणि पावसाची ‘शक्यता’ सांगतात.

मराठी लिहिताना ‘राईचा पर्वत’ वापरू नका. तो कुणीतरी मुद्दाम करतं. ‘ठिणगीचा वणवा’ जवळ जातो, पण ठिणगीतून वणवाच होणार हे माहीत असतं. इथे काय होणार हेच कळत नाही. शीर्षकात ‘बटरफ्लाय इफेक्ट’ ठेवा आणि दोन वाक्यांत समजावून सांगा.

पाणीपुरवठ्याच्या कामात ‘फुलपाखरू झडप’ लिहायचं का?

नाही. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. पाणीपुरवठ्याच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करताना मी पहिल्या खर्ड्यात ‘फुलपाखरू झडप’ लिहिलं होतं. मसुदा जलवाहिनीवर काम करणाऱ्या फिटरकाकांना वाचायला दिला. त्यांनी ते पान तीनदा वाचलं आणि विचारलं, “ताई, हे कुठं बसवायचं?” ‘बटरफ्लाय व्हॉल्व्ह’ म्हणताच त्यांनी हाताने चकती फिरवून दाखवली. त्या दिवसापासून कामाच्या जागेवरचा शब्द आधी विचारायचा, हे मी ठरवलं.

या व्हॉल्व्हमध्ये पाइपाच्या मधोमध एका दांड्यावर गोल चकती असते. दांडा पाव फेरा फिरवला की चकती आडवी होऊन वाट बंद करते किंवा प्रवाहाच्या दिशेने सरळ होऊन उघडते. दांड्याच्या दोन्ही बाजूंना चकतीचे अर्धे भाग म्हणजे पंख. मोठ्या वाहिन्यांवर तो वापरतात, कारण वजनाला हलका आणि जागा कमी लागते. दोन कान असलेला, हाताने आवळता येणारा ‘बटरफ्लाय नट’ही असाच, हार्डवेअरच्या दुकानात त्याच नावाने मागा.

दवाखान्यात हा शब्द कुठे ऐकू येतो?

मुख्यतः तीन ठिकाणी. ‘बटरफ्लाय नीडल’ म्हणजे बारीक सुई आणि तिच्या दोन बाजूंना प्लॅस्टिकचे लवचीक पंख. टोचताना पंख चिमटीत एकत्र धरतात, मग सोडून त्वचेवर चिकटवतात. लहान मुलांच्या आणि वृद्धांच्या नाजूक शिरांसाठी ती सोयीची.

‘बटरफ्लाय रॅश’ म्हणजे दोन्ही गाल आणि नाकाचा उंचवटा यांवर पसरलेला लालसर चट्टा. ल्युपस या आजारात तो दिसू शकतो. पण गाल लाल होण्याची कारणं पुष्कळ आहेत. आरशात पाहून निदान करू नका, डॉक्टरांना दाखवा. रुग्णांसाठी लिहिताना ‘फुलपाखराच्या आकाराचा चट्टा’ हे चांगलं मराठी आहे. इथे आकार सांगायचा आहे आणि तो लगेच डोळ्यांपुढे येतो. गळ्यातली थायरॉइड, म्हणजे अवटू ग्रंथी, समजावतानाही ‘फुलपाखरासारखी’ म्हणावं.

त्वचेला नुसतं घासलं तरी फोड येतात असा एक जन्मजात आजार आहे, एपिडर्मोलिसिस बुलोसा. तो असलेल्या मुलांना जगभर ‘फुलपाखरू मुलं’ म्हणतात, कारण त्यांची त्वचा पंखांइतकी नाजूक असते. हा शब्द मराठीत जसाच्या तसा घ्यावा. तो मायेने दिलेला आहे.

पोहण्यातला बटरफ्लाय?

तलावावर सगळे ‘बटरफ्लाय’च म्हणतात, तेच लिहा. १९३० च्या दशकात ब्रेस्टस्ट्रोक पोहणाऱ्या काहींनी हात पाण्याखालून पुढे नेण्याऐवजी पाण्यावरून फेकायला सुरुवात केली. वेग वाढला, वाद झाला, आणि शेवटी तो वेगळा प्रकार ठरला. ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र शर्यत १९५६ च्या मेलबर्नपासून. दोन्ही हात एकाच वेळी पंखांसारखे बाहेर येतात, पाय मात्र डॉल्फिनच्या शेपटीसारखे एकत्र चालतात.

शेअर बाजारातला?

ऑप्शनच्या, म्हणजे ठरलेल्या किमतीला शेअर घेण्याच्या किंवा विकण्याच्या हक्काच्या, व्यवहारातली एक रचना. खालच्या किमतीचा एक घ्यायचा, मधल्या किमतीचे दोन विकायचे, वरच्या किमतीचा एक घ्यायचा. नफ्याच्या आलेखाला मध्ये टोक आणि दोन बाजूंना पंख दिसतात, म्हणून नाव. भाषांतर करू नका.

‘बटरफ्लाय पी’चा चहा कशाचा असतो?

गोकर्णाचा! आपल्या कुंपणावर चढणारी निळी गोकर्ण. इंग्रजी डोळ्याला त्या फुलात फुलपाखरू दिसलं, आपल्याला गाईचा कान. आता तीच फुलं वाळवून महागड्या डब्यांत परकं नाव लावून विकली जातात. पाककृती लिहिताना ‘गोकर्णाचा चहा’ लिहा. गरम पाण्यात चार-पाच फुलं टाकली की निळा रंग उतरतो, लिंबू पिळलं की जांभळा होतो. फुलातलं रंगद्रव्य आम्लाने रंग बदलतं.

आकाशातही फुलपाखरू आहे म्हणतात, ते कुठे?

वृश्चिक राशीत, विंचवाच्या शेपटीपाशी. तारकागुच्छाचं नाव बटरफ्लाय क्लस्टर, मेसिए या खगोलशास्त्रज्ञाच्या यादीत एम ६. उन्हाळ्यात रात्री उशिरा दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. लालसर ज्येष्ठा सापडली की तिथून शेपटीच्या वळणाने खाली मूळ नक्षत्राच्या नांगीपर्यंत या. नांगीच्या वर, किंचित डावीकडे, एक अंधूक ठिपका दिसतो. गावाकडचं काळं आकाश असेल तर नुसत्या डोळ्यांनी, नाहीतर साध्या दुर्बिणीतून. त्याच्या जवळच, खालच्या बाजूला, एम ७ हा आणखी मोठा आणि ठळक गुच्छ आहे, तो आधी नजरेत भरतो. त्यालाच फुलपाखरू समजू नका. दुर्बीण जरा वर सरकवा.